स्वरदाच्या डब्यातली दोन कार्डं

उठा, उठा, नीरजराव — मुलगी बघायला आलेल्या माणसानं असं टेबलाखाली शिरायचं असतं का! तुमच्या आई बाहेर बसल्यात, आमची बायको प्रेमला पोहे परततेय, आणि तुम्ही इस्त्रीच्या पँटनं आमची फरशी पुसताय. स्वरदा म्हणाली असेल, कॉम्प्युटर बिघडलाय — पण म्हणून लगेच? दिवसभर रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात हीच डबडी दुरुस्त करता ना तुम्ही, आज रविवारी तरी आराम करा की भैया.

काय झालंय? काय व्हायचंय! पोरीनं त्या डब्यात दोन ग्राफिक कार्डं बसवलीत — दोन, आणि तीही दोन कंपन्यांची! एक लाल, एक हिरवं. लाल तिच्या शिकवण्यांच्या कमाईतलं. हिरवं इलाइट चौराह्यावरच्या शादीचे व्हिडिओ काढणाऱ्याकडून जुनं उचललेलं — स्टुडिओ त्याचा बंद पडला, कचरा आमच्या घरी. म्हणे लाल पडदा सांभाळेल, हिरवं चित्रं हलवेल. वा! आणि दोघांना वेगवेगळा ड्रायव्हर लागतो म्हणे. छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली मी — एका गाडीवर दोन ड्रायव्हर आणि दोघांचं आपसात बोलणं नाही, अशी गाडी आम्ही यार्डातून हलू दिली नसती. दुकानदारही म्हणाला होता, अंकलजी, दोनों आपस में लड़ेंगी. लढली! सकाळपासून पोरगी एकाचा ड्रायव्हर काढते, दुसऱ्याचा टाकते, परत काढते, परत टाकते — लालवर पडदा दिसतोय, हिरव्याचा पत्ता नाही. जेवली नाही. डोळे बघितलेत तिचे? रडलीय. पण सांगेल तर शपथ.

हो, पाचपर्यंतच पाठवायचंय — तीन मिनिटांचं कार्टून. एक माकड छत्री उघडतं. यासाठी बी.एस्सी. केलं हो! ते हैदराबादच्या कंपनीला आवडलं की नोकरी, पुढच्या महिन्यात हजर. शेवटचा तुकडाच राहिलाय म्हणे, पण हिरव्याशिवाय तो व्हायचा नाही. चार वाजून गेले, आता कसलं — अहो, झाकण नका खोलू! धूळ उडेल, शर्ट खराब — धूळ नाही? हां, मीच पुसली सकाळी. आतून? आतून पण पुसावी लागते, घर आहे हे. आणि ती सहा टोकांची वायर हलवू नका, ती तशीच लोंबकळते. मला कसं माहीत सहा टोकं? मोजली. सिग्नलवाला माणूस मी, मोजतोच.

असं बघू नका माझ्याकडे. बरं, काढली! हिरव्याला वीज देणारी ती वायर मीच काढली, स्वरदा अंघोळीला गेली तेव्हा. तोडली नाही, नुसती काढली — पाच वाजले की परत लावणार होतो, देवाशप्पथ. अहो, झाशीत मराठी मुलगा, रेल्वेत, चार गल्ल्या सोडून घर — मिळतो कुठं? पार तिकडं समथर गावापर्यंत विचारून आलो मी. तुमच्याशी जमलं तर पोरगी संध्याकाळी चपला घालून चालत येईल माहेरी. आणि हैदराबादला गेली तर? थोरला पियूष बंगळुरात आहे, फोन करतो, नाही असं नाही — पापा, ठीक हो ना? पापा! ठीक हूँ म्हणतो मी, आणि फोन संपतो. तसंच हिचंही होणार. भीती वाटते हो मला, साफ सांगतो. या वयात भीती वाटते. हसा, हसायचं तर.

पण ऐका, नीरजराव — काय बिघडतंय? तासभर थांबा. पाच वाजू द्या, मग तुम्हीच लावा वायर, तिच्यासमोर लावा — म्हणेल, काय हुशार मुलगा! तुमचंही काम झालं, माझंही झालं. मी जन्मात कुणाला सांगणार ना— अहो! लावलीत? बटणही दाबलंत? माणूस आहात की कोण! मोठ्यांचं ऐकायची पद्धत आहे की नाही तुमच्या घरी?

पंखा फिरतोय. दोन्ही दिसतायत? लाल पण, हिरवं पण? शेजारी शेजारी, आणि भांडण नाही, काही नाही? बघा म्हणजे. लोकं काहीही सांगतात.

हाक नका मारू तिला, मी आधी — ये, स्वरदा, ये. हो, झालं सुरू. बस, बस, वेळ आहे अजून. काय बिघडलं होतं? ते ना... नीरजराव, सांगा ना तिला. दोन कंपन्यांचं पटत नव्हतं म्हणा, ड्रायव्हर म्हणा, काहीही म्हणा — नुसती मान काय हलवताय, बोला की! नाही बोलणार? शाबास. जावई व्हायला निघालेत.

मी काढली होती, स्वरदा. वायर. सकाळी, मी.

स्वरदा? ऐकलंस ना?

अगं, मागं तरी बघ. शिव्या दे हवं तर.

बरं. कर तुझं काम. नीरजराव, चला, पोहे गार होतायत — आणि येताना ते दार ओढून घ्या.