कीव्हनीबाईंच्या हातचा पाव

—नाही गं बाई, ती मी नव्हे. कीव्हनीबाई कुठं राहतात म्हणून विचारलंस, तर कुणीतरी हे दार दाखवलं असणार. मीपण कीव्हनीच, विनी कीव्हनी — पण नुसती जन्माची. तुला हवी ती डीलिया, माझी धाकटी बहीण. माहेरची कीव्हनी आणि सासरचीही कीव्हनी. माहेर-सासरचं आडनाव एकच असलं की त्या बाईच्या हातच्या पावानं डांग्या खोकला जातो, म्हणून आलीस ना? बस जरा. लेकराला चुलीजवळ धर.

आता तूच सांग, तिनं असं काय मोठं केलं? पलीकडचा मार्टिन भाजलेलं चाटून बरं करतो — त्यानं तो गुण जिभेत यावा म्हणून जित्या पाणसरड्याच्या पोटावरून जीभ तरी फिरवलीय! ह्या बयेनं काय केलं? चर्चमध्ये उभी राहिली, हो म्हणाली, झालं. आणि पाव म्हणशील तर दगड गं, दगड! हा माझा बघ, ताकात पीठ भिजवून केलेला, कसा फुगलाय. पण रांग तिच्या दारात. पैसे घ्यायचे नाहीत, कुणी आभार मानायचे नाहीत, असा नियम — तरी तोरा बघावा तिचा!

ल्यूक कीव्हनी, तिचा नवरा — दोन वर्षं ह्याच चुलीशी येऊन बसायचा. कुणासाठी? माझ्यासाठी! डीलिया तेव्हा नुसता चहा आणून द्यायची. चहा! ...जाऊ दे. मी काही मनात ठेवत नाही.

मागच्या मार्चात एक बाई अशीच चुकून आली. मला डीलिया म्हणाली, मी गप्प राहिले. दिला माझाच पाव — आणि पोर बरं झालं गं, देवाशपथ! मग गावभर नाव कुणाचं झालं? डीलियाचं! माझ्या पावानं बरं झालं, आणि नाव डीलियाचं. आठ दिवस घास गेला नाही मला.

अगं अगं — हात नको लावूस त्या पावाला! ठेव तो. ते पोर आपोआप बरं झालं असेल, कोण जाणे. तुझं तर खोकून निळं पडलंय... ऊठ. पूल ओलांडून तिसरं घर. ल्यूक दार उघडेल. कुणी पाठवलं म्हणून विचारलंन, तर सांग, विनीनं—

नाही, नाही विचारायचा तो. जा तू.