शिकरीणबाईचं पहिलं बाळंतपण

(उदगीर. शेजारच्या दोन गच्च्या, मधे कमरेएवढी भिंत. एका गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या. समोरच्या लिंबावर शिकऱ्याचं, म्हणजे ससाण्यासारख्या छोट्या शिकारी पक्ष्याचं, घरटं. सकाळचे आठ.)

बानो : खिमा? तुला?

पार्वतम्मा : हळू बोल की, बानो! गळ्यात लिंग हाय माझ्या. मला कशाला? त्या लिंबावरच्या शिकरीणबाईला पायजे. पावशेर दे. बिनकांद्याचा.

बानो : चाळीस साल झाले शेजारी ऱ्हाऊन. माझ्या घरी अंडं उकडलं तरी तू उदबत्ती लावतीस. आन आज खिमा मागून राहिलीस!

पार्वतम्मा : मग काय करू? पोरगी नवखी हाय. परवा दोनातल्या एका अंड्यातून पिल्लू निघालं, तवापासून नुस्ती त्याच्याकडं बगत बसली. घास कसा भरवायचा तेच ठावं न्हाई. आन नवऱ्याचं तर इचारूच नको. काल एवढा मोठा सरडा आणून टाकला. पिल्लू बोटाएवढं, सरडा हातभर.

बानो : तुझ्या सोमेशसारखाच की. बायकोच्या लाडवाला खारीक सांगितली, तर बेकरीतून खारी घेऊन आला.

पार्वतम्मा : अर्धा किलो! वर मलाच म्हनतो, "अव्वा, ताजी हाय." ते जाऊ दे. शिकरीणीनं काय केलं ठाऊक? फाडून भरवायचा सोडून त्या सरड्यावरच बसली. ऊब देत. लेकरू बाहेर, सरडा पोटाखाली.

बानो : या अल्ला!

पार्वतम्मा : मी हितून वरडले, "अगं उठ, ते तुजं न्हाई!" ऐकंल तर शप्पत.

बानो : थांब, मला बगू दे. आपरेशन झाल्यापासून दूरचं लई साफ दिसतं मला. तुझ्या टाकीवरची धूळबी दिसून राहिली.

पार्वतम्मा : धूळ सोड, पिल्लू बग.

बानो : झोपल्यावानी दिसतंय.

पार्वतम्मा : हाव, मीबी तेच म्हनलं. झोपलंय.

बानो : पार्वतम्मा, झोपल्याला मुंग्या लागत न्हाईत.

पार्वतम्मा : नीट बग की.

बानो : बगितलं माय. गेलं ते.

पार्वतम्मा : आगं आई गं! आता मंजूला काय सांगू? आठवा महिना चाललाय सुनेला. माय न्हाई तिला, बाळंतपण हितंच करायचं. महिनाभर भिऊन गप बसली व्हती. परवा पिल्लू बगून पैल्यांदा हसली. म्हनली, "आत्या, त्या दोघांना जमलं तर आम्हालाबी जमंल." आता कुठल्या तोंडानं सांगू?

बानो : नक्को सांगू. माझ्या कोंबडीची पिल्लं निघाल्यात. एक नेऊन ठिवू वर. लांबून सारखंच दिसतं.

पार्वतम्मा : शिकऱ्याच्या घरात कोंबडीचं पिल्लू? म्हंजे जेवनाचा डबाच पोचवायचा की!

बानो : हौ गे. ते ध्यानातच आलं न्हाई.

पार्वतम्मा : गप! जिन्यात पाय वाजला. तीच आली. हे लुगडं धर त्या टोकानं. झाडासमोर. उंच धर!

मंजुश्री : आत्या, काय करताय दोघी?

पार्वतम्मा : लुगडं वाळू घालून राहिलो.

मंजुश्री : ते कोरडंच आहे की.

बानो : आमी अजून कोरडं करून राहिलो.

मंजुश्री : बानोखाला, हात दुखतील. खाली घ्या ते. मला माहीत आहे. मी सहालाच येऊन बघून गेले.

पार्वतम्मा : आन मला सांगितलं न्हाईस?

मंजुश्री : कसं सांगू? रोज उठलं की पूजेच्या आधी तुम्ही ते घरटं बघायला येता. तुम्हाला सोसायचं नाही म्हणून गप बसले. खाली तोच चहा तीनदा गरम केला. आत्या, खूप रडू आलं मला.

पार्वतम्मा : मग रड की. बस हितं. कुरडया सरकीव जरा.

मंजुश्री : तिला माया नव्हती असं नाही ना. तिला कळतच नव्हतं. मीपण अशीच सरड्यावर बसले तर?

पार्वतम्मा : बसशील की.

मंजुश्री : आत्या!

पार्वतम्मा : अगं, पैल्या येळंला सगळ्याच बसत्यात. सोमेश झाला तवा मी त्याला दुपट्यात उलटा गुंडाळला. डोस्कं आत, पाय बाहेर. आन पायाला टोपडं बांधत बसले. बसंचना! माझी सासू धावत आली, मला एक धपाटा घातला आन पोराला सुलटा केला.

बानो : तवाच कानाला काय तरी झालं असंल. म्हणून खारीक खारी ऐकू येती त्याला.

पार्वतम्मा : तू गप गं. मंजू, हिकडं बग. त्या शिकरीणीला मी गळा फाडून सांगितलं, पर तिला माझी बोली कळंना. तुला कळती. तू सरड्यावर बसलीस की मी "उठ" म्हनीन. धा बार म्हनीन.

मंजुश्री : रागवायचं नाही पण.

पार्वतम्मा : रागवणार. धपाटा तेवढा घालणार न्हाई.

बानो : चुप बसा दोघीबी! नवरा आला बगा तिचा. पंज्यात कायतरी हाय.

पार्वतम्मा : सरडाच असंल मेल्याचा. आता कुणाला खाऊ घालणार?

बानो : दुसरं अंडं व्हतं ना? फुटलंय ते! तिच्या पोटाखालून पांढरं पांढरं हालून राहिलंय.

मंजुश्री : कुठं? हो की! मान वर करतंय, आत्या!

पार्वतम्मा : शिवा, शिवा! बानो, पळ, खिमा आण!

बानो : ठैर की जरा. नवऱ्यानं आणलेल्या शिकारीवर बसली न्हाई ती या बारीला. पायाखाली दाबून धरलंय.

पार्वतम्मा : फाडून राहिली का?

बानो : हौ. एवढुसा तुकडा काढला. पिल्लाच्या तोंडाला लावला. घेतला गे, घेतला त्यानं!

पार्वतम्मा : माझे डोळेच भरले, मला काय दिसंना. सरडा केवढा हाय ते तरी सांगा कुणीतरी.

मंजुश्री : सरडा नाही, आत्या. बोटाएवढी पाल आहे. ह्या वेळी त्यानं खारीक आणली.