मधली खुर्ची

बसस्थानकाच्या प्रतीक्षागृहात बसायला जागा नव्हती, म्हणून शिंपीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. शेजारीच एक नवराबायको बसले होते आणि मधल्या खुर्चीत नोकरीसाठी परगावी निघालेली त्यांची मुलगी.

“बाबांना विचार, डबा कुठे ठेवलाय?”

“आईला सांग, निळ्या पिशवीत.”

“त्या पिशवीचा बंद तुटलाय, ते माहितीये का म्हणावं.”

“तिला सांग, कालच शिवून घेतलाय.”

“अगं आई, हाताच्या अंतरावर बसलेत ते. मी गेल्यावर काय करणार आहात दोघं?”

“आम्हाला काय धाड भरणार आहे?”

“आईला सांग, हे मात्र माझ्या मनातलं बोलली.”

बस लागली. मुलगी दोघांना मिठी मारून गेली. काचेतून बस दिसेनाशी झाली, तरी दोघं आपापल्या खुर्चीतून हलले नाहीत. पाय भरून आलेल्या शिंपीणबाई मधल्या खुर्चीत टेकल्या.

“अहो ताई,” बायको हळूच म्हणाली, “यांना जरा विचारता का, घरी चालत जायचं की टॅक्सीनं?”

शिंपीणबाई नकळत नवऱ्याकडे वळल्या.

“चालत की टॅक्सीनं?”

“तिला सांगा, टॅक्सीनं. सकाळपासून गुडघा दुखतोय तिचा, पण ती काही सांगायची नाही.”