बाळकृष्णाला पालकाचा नैवेद्य

मंडळी, ऐका! मागे त्या खांबाला टेकलेले काका — डोळे मिटून ऐकताय, की नुसतेच डोळे मिटलेत? असू दे, असू दे. कीर्तनातली झोपसुद्धा पुण्याचीच. फक्त घोरू नका, पेटीवाल्यांचा सूर हलतो!

आज तुमच्यापुढे एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय. अगदी घरगुती प्रश्न. देवाचं नाव पुढे करून घरच्या माणसाला फसवलं — त्याच्याच भल्यासाठी हो, पण फसवलं — तर दोष कुणाचा? फसवणाऱ्याचा? फसणाऱ्याचा? की मधल्या मध्ये नाव वापरू देणाऱ्या देवाचा?... बघा, बायकांच्या बाजूला आधी हसू फुटलं! म्हणजे हा प्रश्न घरोघरी पोचलेला दिसतोय!

तर देवरुखला सदूभाऊ घैसास नावाचे आचारी. लग्न म्हणू नका, मुंज म्हणू नका, सत्यनारायण म्हणू नका — सदूभाऊंच्या हातची जिलबी पानात पडली नाही तर माणसं कार्य झालं असं मानायचीच नाहीत. आणि त्यांच्या पत्नी शरयूकाकू. अंगानं एवढ्याशा, पण चाळीस वर्षं त्या माणसाचा संसार रेटलेला! आचाऱ्याचा संसार म्हणजे काय विचारता? जगाला पक्वान्नं आणि घरी पिठलं-भात!

एकदा काय झालं — मुंजीचं जेवण. सदूभाऊ जिलबीच्या तईपुढे बसलेत, जिलब्या पाडतायत, आणि पळीभर कढत तूप सांडलं ते थेट पायावर! तुम्ही-आम्ही गाव गोळा केलं असतं! सदूभाऊ? जिलब्याच पाडतायत! वाढपी ओरडला, “अहो सदूभाऊ, पाय! पाय!” तेव्हा यांनी खाली बघितलं. कातडं सोलून निघालेलं, आणि यांना पत्ताच नाही!

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पायाला टाचणी टोचून बघितली, आणि काकूंकडे वळून म्हणाले, “साखर अंगात इतकी मुरली आहे की पायाला दुखणंच कळेनासं झालंय. आत्ता आवरा. पुढच्या वेळी पाय राहील की नाही, मी सांगू शकत नाही.” गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, गोड बंद केलं, आणि म्हणाले, पोटात हिरवा पाला जाऊ दे.

काकू घरी आल्या त्या एकच विचार करत. चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचा पाय! तोच गेला तर हा माणूस जगेल कसा?

मुलगी मुक्ता ठाण्याला. तिला फोन लावला. ती म्हणाली, “आई, सोपं आहे. बाबांना रोज सकाळी स्मूदी करून दे.”

“काय करून देऊ?”

“स्मूदी गं! पालक, काकडी, पुदिना, जरासं आलं — सगळं मिक्सरमधून काढायचं आणि न गाळता प्यायला द्यायचं. मी रोज पिते!”

दुसऱ्या दिवशी काकूंनी केली. हिरवागार पेला नेऊन नवऱ्यापुढे ठेवला. सदूभाऊंनी पेल्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, परत पेल्याकडे बघितलं.

“हे काय?”

“स्मूदी.”

“शिजवलंय?”

“नाही.”

“फोडणी?”

“नाही हो.”

“मग हे अन्न नव्हे, चारा आहे. गोठ्यात नेऊन ठेव.”

“आपल्याकडे गोठा कुठाय?”

“मग करतेस कशाला?”

झालं! दोन महिने, मंडळी, दोन महिने रोज हाच संवाद! काकूंनी समजावून सांगितलं, रागावून सांगितलं, रडून सांगितलं. शेवटी अबोला धरला. तर सदूभाऊ खूश — घरात शांतता झाली! काकू रोज तो पेला स्वतःच प्यायच्या. त्यांची तब्येत अशी झकास झाली की विचारू नका. पण त्यांचं चित्त कशात? नवऱ्याच्या पायात!

आणि एके सकाळी काय झालं. सदूभाऊंची पूजा आटपली. देव्हाऱ्यात त्यांचा रांगता बाळकृष्ण. त्याला रोजच्याप्रमाणे लोणी-साखरेची वाटी दाखवली, आणि वाटी स्वतःच्या तोंडाला लावली. काकू म्हणाल्या, “अहो, साखर! डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

सदूभाऊ म्हणाले, “ही साखर नाही. हा प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं!”

काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. डोक्यात लख्ख उजेड पडला! प्रसादाला नाही म्हणायचं नसतं — अस्सं?

दुसऱ्या दिवशी लोण्याच्या वाटीऐवजी देव्हाऱ्यापुढे हिरवा पेला! वर तुळशीचं पान!

“हे काय मांडलंस?”

काकूंनी पदर सावरला. बाळकृष्णाकडे बघायचं टाळलं. पण म्हणाल्या, “मला स्वप्न पडलं. बाळकृष्ण आला आणि म्हणाला, रोज लोणी खाऊन कंटाळलोय, जरा हिरवं काही दे!”

मंडळी! जगात आजपर्यंत कुठल्या पोरानं आपण होऊन पालक मागितलाय? यशोदेनं उखळाला बांधलं असतं तरी मागितला नसता! पण सदूभाऊ देवाच्या बाबतीत लहान मूल. त्यांचे डोळेच भरून आले. “तुझ्या स्वप्नात आला? खरंच?” पाण्याचं मंडल केलं, घंटा वाजवली, डोळे मिटून नैवेद्य दाखवला. आणि पेला उचलून — घट, घट, घट! थेंब ठेवला नाही!

काकू आनंदल्या, आणि त्याच क्षणी मनाला टोचलं. चाळीस वर्षांत हा माणूस आपल्याशी खोटं बोलला नाही, आणि आज आपण बोललो. तेही देवाच्या तोंडून!

आता यात एक गोची होती. नैवेद्याची चव घ्यायची नसते. देवाच्या आधी जीभ लावायची नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही! त्यामुळे काकूंना कळेचना आत काय झालंय. एक दिवस आलं इतकं पडलं की सदूभाऊंना प्रसाद घेताना उचकी लागली. एक दिवस कारलं घातलं. सदूभाऊ प्यायले, तोंड वेडंवाकडं केलं, आणि हात जोडून बाळकृष्णाला म्हणाले, “देवा, तुझी इच्छा!”

दहाव्या दिवशी मात्र आचारी जागा झाला! काकू पालक देठांसकट मिक्सरमध्ये कोंबत होत्या. सदूभाऊ कडाडले, “बाजूला हो! ज्या हातांनी मी हजारोंच्या पंगती उठवल्या, त्या हातांच्या घरात देवाला हे असलं? उद्यापासून मी करणार!”

अहो, काकूंना हेच तर हवं होतं! दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सदूभाऊ पाल्यापुढे बसले. कोवळी पानं वेगळी, जून वेगळी. देठ काढले. पुदिन्याची नुसती पानं. काकडीचं टोक कापून घासलं. मिक्सर एका दमात फिरवायचा नाही — थांबत थांबत, पाला तापता कामा नये. आलं सगळ्यात शेवटी. आणि चव? चव नाही! पळीवरून कसं ओघळतंय ते बघायचं आणि मान डोलवायची. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि त्यांना या माणसाचं फार कौतुक वाटलं. चाळीस वर्षं तो दुसऱ्यांच्या मांडवात हे करत होता, त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

सगळं छान चाललं, असं वाटलं ना तुम्हाला? थांबा! आचारी आहे तो!

आठवड्यानं सदूभाऊ म्हणाले, “नैवेद्यात गोड नाही, हे बरं दिसत नाही.” एक खजूर घातला. मग दोन. मग केळं आलं. मग म्हणे, बाळकृष्ण आहे, जरा साय हवी. सायीमागून खडीसाखर, खडीसाखरेमागून काजू, काजूमागून वेलची! काकू म्हणाल्या, “अहो, साखर—” तर हे म्हणतात, “माझ्यासाठी थोडीच घालतोय? देवासाठी घालतोय!” आणि तोंड बांधलं गेलं ना काकूंचं! स्वप्न कुणाला पडलं होतं? काकूंना! आता कुठल्या तोंडानं सांगणार की देवाला हे नको होतं?

दोन महिन्यांत त्या पेल्यात पालक उरला तो रंगापुरता. पिस्त्याची बासुंदी हो नुसती! शेजारीपाजारी वाट्या घेऊन प्रसादाला यायला लागले. सदूभाऊ स्वतः दोन दोन पेले घ्यायचे, भक्तीनं! पेटीवाले, ओठांवरून जीभ फिरवू नका, मी बघतोय!

मग पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. “आधीपेक्षा वाढलीय! घरी काय चाललंय काय?” सदूभाऊ ताठ मानेनं म्हणाले, “मी काही खात नाही. फक्त प्रसाद घेतो.”

काकू घरी आल्या आणि सरळ देव्हाऱ्यापुढे बसल्या. बाळकृष्णाला म्हणाल्या, “तुझं नाव घेऊन यांचा पाय वाचवायला निघाले, आणि मीच तो घालवायला बसले. आता तू काही बोलू नकोस. मीच बोलते.” आणि मागे वळल्या तर सदूभाऊ दारात.

“अहो,” काकू म्हणाल्या, “मला स्वप्नबिप्न काही पडलं नाही. तुम्ही पीत नव्हतात म्हणून मी खोटं बोलले. तो पेला देवाचा नव्हता. तुमचा होता. पहिल्या दिवसापासून तुमचाच होता.”

रागावले असते तर बरं, ओरडले असते तर बरं! सदूभाऊ तडक मागच्या अंगणात गेले, आणि सगळे झारे, पळ्या, पराती काढून घासत बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत! जेवायला आले नाहीत. काकू दोनदा चहा ठेवून आल्या, दोन्ही वेळा तो गार झाला. काकूंना वाटलं, गेला आता हा पेला, आणि गेला आपल्यावरचा विश्वास!

दुसऱ्या दिवशी काकू अंथरुणातच पडून होत्या. उठून करायचं तरी काय? आणि... घर्रर्र! थांबलं. घर्रर्र! परत थांबलं. स्वयंपाकघरातून!

काकू धावत गेल्या. ओट्यावर पालक, पुदिना, काकडी. खजूर नाही, केळं नाही, साय नाही. सदूभाऊंनी पळीभर हिरवं काढलं आणि — मंडळी, नीट ऐका हं — जिभेला लावलं! चव घेतली! तोंड वाकडं केलं, लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं, परत चव घेतली!

“अहो! उष्टं केलंत! नैवेद्य?”

“नैवेद्याला लोणी-साखर ठेवलीय चिमूटभर. ती शेजारच्या पोरांना वाटून टाक. त्या बिचाऱ्या बाळकृष्णानं तुझं काय घोडं मारलंय, म्हणून त्यानं पालक खावा?” सदूभाऊंनी दोन पेले भरले. “हे त्याचं नाही. हे माझं.”

काकू ओट्याजवळ आल्या.

सदूभाऊ म्हणाले, “काल घासता घासता विचार केला. इतकी वर्षं लोकांना वाढलं. सगळी पंगत उठली की आचारी जेवतो, उरलं असेल ते. आजपर्यंत एकानं विचारलं नाही, सदूभाऊ, तुमच्या पोटात काय गेलं? तू विचारलंस. पण त्यात देवाला कशाला ओढलंस? मला सांगायचं!”

“सांगायचं?” काकू उसळल्याच! “दोन महिने सांगत होते! हात जोडून सांगत होते! रडून सांगत होते! तुम्ही मला गोठा दाखवत होतात!”

सदूभाऊंनी एक पेला काकूंपुढे सरकवला. मग हळूच म्हणाले, “हो. तेही खरंच.” आणि हसायला लागले. काकूही हसल्या, आणि हसता हसता रडल्या. दोघांनी पेले संपवले. चव? अहो, सदूभाऊंनी लिंबू पिळलं होतं! काय बिशाद होती वाईट लागायची!

पुढे सहा महिन्यांनी डॉक्टरांनी टाचणी टोचली, तर सदूभाऊ कळवळून ओरडले, “आई गं!” आणि काकूंनी टाळ्या वाजवल्या! नवरा ओरडला म्हणून टाळ्या वाजवणारी पहिली बायको! गोळ्या चालू, चालणं चालू, आणि रोज सकाळी तो पेला चालू!

तर मंडळी, आता बोला. दोष कुणाचा? काकूंनी फसवलं, त्या तर कबूल करून मोकळ्या झाल्या. देवानं तर बिचाऱ्यानं पालकाचा नैवेद्य निमूट सोसला. दोष त्या कानांचा, मंडळी, ज्यांत बायकोचं म्हणणं दोन महिने शिरत नाही, आणि देवाचं नाव लावलं की एका दिवसात शिरतं! माणूस तेच, मायाही तीच! मग देवाचा शिक्का कशाला लागतो?

पुरुष मंडळी, खाली बघू नका! आणि बायांनो, तुम्हीही फार हसू नका! तुमची लेक तुम्हाला सांगतेय ना, आई, गुडघा दाखवून ये? सून सांगतेय ना, उपाशीपोटी कामाला लागू नका? मग? तिनं आता काय, स्वप्न पाडून घ्यायचं? आपल्यावर जीव लावणाऱ्या माणसाला खोटं बोलायची पाळी आणतो, तो देवापुढे कितीही घंटा वाजवो, देव त्याला म्हणत असेल, बाबा रे, माझं नको ऐकूस, आधी तिचं ऐक! मी तिच्याच तोंडून बोलत होतो!

म्हणून उद्या सकाळी घरातलं कुणी तुमच्यापुढे काही धरेल — पेला असेल, गोळी असेल, नुसता एखादा शब्द असेल — तर कुणाचं नाव घ्यायला लावू नका. घ्या!

आणि त्या बाळकृष्णाला आज एक दिवस सुट्टी द्या. काही मागू नका, कुणाला पटवायला सांगू नका. टाळ उचला, आणि कुठलंही काम न सांगता, मोकळ्या गळ्यानं, नुसतं नाव घ्या त्याचं!