आधी काय होतं

मारेगावच्या स्टँडवर बस लागायची होती. मागच्या बाकावर एकाच गावचे दोघं म्हातारे बोलत होते.

"रज्जाकभाऊ, पीरबाबाची कबर मशिदीतून काढली म्हन्ते?"

"काढली, विमलताई. मूठभर माती निघाली. ते नेऊन कब्रस्तानात पुरली."

"अन् तुमी त्या कबरीचे मुजावर असून पाहत राह्यले?"

"बाहेरून मौलाना आलते. म्हने, समोर कबर असली तं नमाज होत नाही."

"मंग इतके वर्षं कशी होत होती?"

"मीबी तेच म्हनलो. तं म्हने, आधी काय होतं ते सांगा. कबर आधीची असन तं मशीद हटवा, मशीद आधीची असन तं कबर हटवा."

"मंग?"

"साऱ्याइनं माह्याकडं पाह्यलं. जुना मानूस मीच उरलो ना."

"पन कबरच आधीची हाय. माहे सासरे सांगत, बाबाले पुरलं तवा तिथं नुसतं रान होतं."

"मले मालूम नाही काय? माह्या आज्ज्याचा आज्जा होता तो."

"मंग काय सांगतलं तुमी?"

"मशीद आधीची म्हनून सांगतलं. मशीद पाडू देतो काय?"

"खोटं बोलले? मशिदीत उभं राहून?"

"हो."

"जाऊ द्या भाऊ. नमाज तं होते आता."

"त्याइची होते."

"अन् तुमची?"

"मले पहिल्या रांगेत मानाची जागा देली त्याइनं. कबर होती, बराबर तिथंच. कपाळ टेकवलं का अल्लाच्या आधी बाबाचीच माफी मागतो."