सूर सोडायचा कुणी?

आणि वर खुर्च्यासुद्धा मीच उचलायच्या! तुम्हाला सांगतो, शाळेपासून आमच्या खळ्यापर्यंत चाळीस लोखंडी खुर्च्या, दोन-दोन करून, अडुसष्ट वर्षांच्या माणसानं... का, तर म्हणे खळं तुमचं! अहो, माझं कुठलं, निम्मं माझं, निम्मं हैबतीचं, माझ्या धाकट्या भावाचं. पण हैबती नऊ वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, मग त्याला दोन खुर्च्या उचल म्हणून सांगणार कोण? मी? मी आपला सूर धरून बसलो.

सूर धरून म्हणजे काय ते आधी सांगतो, नायतर तुम्हाला वाटेल म्हातारा गातो. आमचा दोघांचा खालूबाजा होता. बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंत लग्न असो, पालखी असो, हैबतीची सनई पुढं, ढोल बाजूला, आणि मी मागं. माझ्या हातातही सनईच, पण तिची भोकं मेणानं बुजवलेली. तिच्यातून एकच सूर निघतो, आणि तो धरून ठेवायचा. बस्स! गालात वारा साठवायचा, नाकानं श्वास घ्यायचा, पण सूर सोडायचा नाय. सनई थांबेपर्यंत नाय. हैबती सनई खाली करून माझ्या गुडघ्यावर दोन बोटं मारायचा आणि म्हणायचा, "पुरे, दादा." मग मी सोडायचा. तीस वर्षं असंच. लोक हैबतीला शेला देत, मला विचारत, "तुमचं तोंड दुखत नाय का?" दुखतं! पण तोंडात सनई असताना सांगायचं कसं?

आणि मग ते कुडपणचं लग्न. डोंगर चढून गेलो, जीव अर्धा झालेला, आणि हैबती त्या दिवशी असा काय वाजवत होता... अहो, असा वाजवत होता, की मला राहवलं नाय. मी सूर तोंडातून काढला आणि म्हणालो, "वा रे!" झालं! सूर गेला, आणि हैबतीची सनई अख्ख्या वऱ्हाडासमोर उघडी पडली. पोरी फिदीफिदी हसल्या, नवरदेव हसला. हैबतीनं सनई गुंडाळली, डोंगर उतरला, आणि बोलणं बंद! तारीफ केली म्हणून भांडण, ऐकलंय कुठं? एका खळ्यावर दोन दारं, आणि निरोप माझ्या बायकोमार्फत. "राहीवयनी, त्याला सांगा, त्याची म्हैस माझ्या पेंढ्यात तोंड घालते." मी शेजारीच उभा! राहीबाई म्हणायची, "अवो, तुम्ही तरी बोला." काय बोलू? एकदा बोललो होतो, त्याचंच हे झालं. मी आपला सूर धरून बसलो, नऊ वर्षं.

तर इकडं कारखाने आले, कारखान्यात मशीन बसवायला परदेशचा साहेब आला, आणि साहेबाला भेटायला त्याचे चार सोबती आले गोव्याला जाता जाता, पेट्या घेऊन. पेट्यांत काय, तर वाद्यं! कारखान्याच्या ऑफिसातल्या नीलाताई आल्या, माणूस चांगलं, बोलणं अगदी पुण्याचं, म्हणाल्या, "सोमाकाका, हे लोक तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत तीनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवतात. त्यांना वस्तीत, उघड्यावर वाजवायचंय. तुमचं खळं किती छान सारवलेलं आहे!" सारवलेलं असणारच, मळणी नुकतीच झालेली. आणि सारवलं कुणी? जाऊ द्या.

सयाजी पंचायतीचा सभासद, तो लगेच पुढं. "सोमादादा, गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय. खुर्च्यांचं तेवढं बघा." बघितलं!

पाच वाजता चौघं बसली. एक बाई, लाकडी बासरीवाली. दोघं सारंगीसारखं काहीतरी गळ्याशी धरलेले, त्यातला एक लाल दाढीचा. आणि मागं एक जाडा गृहस्थ, पायांत मोठं थोरलं वाद्य आवळून. नीलाताई म्हणाल्या, तारा आतड्याच्या आहेत. मी म्हटलं, मेलो! आतडं आणि कातडं, दोन्हीची जात एक, आमचा ढोल माघाच्या संध्याकाळी सर्दावतो, तिथं ह्यांचं काय होणार? आणि तेच झालं. लाल दाढीवाला खुंट्या पिळतोय, पिळतोय, ऐकतोय, मान हलवतोय, परत पिळतोय... अर्धा तास! लोक हात जोडून ऐकतायत. एकदाच्या चौघांच्या माना होकारानं डोलल्या, तसा सयाजी उठला, प्रत्येकाच्या हातात नारळ दिला आणि म्हणाला, "फार सुंदर झालं, आता दोन शब्द मी—" नीलाताई धावल्या. "अहो, अजून सुरूच झालेलं नाही!" म्हणजे बघा, आधीच अर्धा तास गेला आणि कार्यक्रम बाकीच! माझी पाठ म्हणत होती, सोमा, चल आत. पण खळं माझं. मी आपला सूर धरून बसलो.

हैबती आपल्या पडवीत बसलेला, आमच्याकडं पाठ करून. पण कान, तुम्हाला सांगतो, कान लपत नायत माणसाचे. मान अशी जरा वळलेली. मला वाटलं, आज तरी बघेल. एकदा नुसतं बघेल.

सुरू झालं. आता मला त्यातलं काय कळतंय? लोक बासरीवालीकडं बघत होते, मी त्या जाड्याकडं. तेच ते आठ सूर, परत तेच आठ, परत तेच... आणि पुढचे तिघं त्याच्या जिवावर पाखरांसारखे उडतायत! त्याच्याकडं कुणी बघत नाय. त्याच्या कपाळावर घाम, नारळ पायाशी. मला भरून आलं हो. म्हटलं, बाबा, तुझं तोंड तरी मोकळं हाय.

आणि तेवढ्यात फाट्! त्याची तार तुटली. जाडा हात पसरून बसला. बाकीचे तिघं वाजवत राहिले, पण ते कसं, तर छपराखालची मेढ काढली आणि कौलं अधांतरी. लाल दाढीवाल्याचं तोंड पडलं. मागं कुणीतरी पोरगी फिदकन हसली... आणि तुम्हाला खोटं वाटेल, मला कुडपण दिसलं.

मी कधी उठलो, मला माहीत नाय. माळ्यावर राहीबाईच्या जुन्या लुगड्यात माझी सुराची सनई बांधलेली, दर दसऱ्याला तिला तेल आणि तोंडाला फुंकायची नवी पाती, चोरून. पाती ओली केली, त्यांचा सूर आमच्यापेक्षा जरा खाली म्हणून थोडी बाहेर ओढली, त्या जाड्याच्या शेजारी खळ्यावरच मांडी घातली आणि हळूच सूर धरला. जाडा हसला. लाल दाढीवाल्यानं मान डोलवली. कौलं परत मेढीवर बसली!

इथवर छान झालं. पण पुढं ऐका. त्यांचं वाजवून झालं. शेवटाला आले, माझ्याकडं बघितलं. मी सूर धरलेला. आता मी कसा सोडणार? सूर आधी सोडत नायत! कुडपणला सोडला त्याचं काय झालं? पुढचा थांबला की मी थांबणार. आणि ते? घरधनी वाजवतोय, पाहुण्यांनी मधेच थांबावं कसं? त्यांनी पहिल्यापासून परत सुरू केलं. शेवटाला आले, माझ्याकडं बघितलं. मी सूर धरलेला. परत पहिल्यापासून! मनात म्हणतोय, थांबा रे बाबांनो, मला श्वास नाय! त्यांच्या मनात तेच असणार, त्यांच्या भाषेत. तिसऱ्या फेरीला बासरीवाली लाल झाली. चौथ्या फेरीला जाडा नारळ उशाला घेऊन आडवा. गुरं परतली, गल्लीत उभी राहून बघायला लागली. सयाजी घोरतोय, आभाराचा कागद हातात. नीलाताई कुजबुजतायत, "काका, पुरे! काका!" पण नीलाताईंच्या सांगण्यावरून सोडायचा? तसा नेम नाय! राहीबाई पदर तोंडाशी धरून, "अवो, मराल! सोडा!" डोळ्यांपुढं काजवे, गाल फाटायला आलेले, आणि मी आपला सूर धरून बसलो.

पाचव्या फेरीला गुडघ्यावर दोन बोटं पडली.

अंगात गंजी, पायात काय नाय, असा हैबती वाकून उभा. नऊ वर्षं म्हातारा झालेला. डोळ्यांत पाणी, का संध्याकाळचा धूर, देव जाणे. म्हणाला, "पुरे, दादा."

मी सोडला. त्याच क्षणी तिघांनी सोडलं. अख्ख्या वस्तीत नुसती म्हशीची घंटा. मग टाळ्या! सयाजी दचकून उठला आणि म्हणाला, "फार सुंदर झालं!" नीलाताईंनी नंतर विचारलं, "काका, पाहुणे विचारतायत, तुमच्याकडे कार्यक्रम नेहमी इतका लांब चालतो का?" मी म्हटलं, नऊ वर्षं चालला.

आता तुम्ही म्हणाल, झालं की गोड. गोड कसलं! त्या संध्याकाळी हैबती माझ्या ओट्यावर बसला तो बसलाच. "दादा, पाती घोगरी होती. दादा, सूर केसभर खाली होता. दादा, तुझी म्हैस—" नऊ वर्षांचं बोलणं, एकही दिवस न गाळता! रोज उजाडायच्या आत हजर. राहीबाई चहा ठेवते, तो बोलतो, चहा निवतो, तो बोलतो. खुर्च्या? शाळेत परत मीच नेल्या, चाळीस, आणि हा शेजारून चालत सांगतोय, कशा धरायच्या!

परवा तर मनात आलं, मधेच एकदा "वा रे!" म्हणावं. म्हणजे नऊ वर्षं शांतता... पण नको. आता दोघांत मिळून तरी नऊ वर्षं उरलीत का, कुणाला ठाऊक. तो बघा, आलाच. सरका जरा, त्याला बसू द्या. तुम्ही जा, तुम्हाला कामं असतील.

मी आपला सूर धरून बसतो.