चाळीस कोटांचा पाहुणा

धुळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात कौतिकनाना शेळी घेऊन बसले होते. थापा मारण्यात तालुक्यात पहिले, पण आज ते शेजारी कोंबडी अन् अंड्यांची टोपली घेऊन बसलेल्या बाईंचं अन् डॉक्टरांचं बोलणं कान देऊन ऐकत होते.

“डॉक्टर, मनी कोंबडी आते बरी शे. खोकत नई.”

“पण जंतू आतच आहे, यशोदाबाई. त्याच्याकडे चाळीसेक जनुकं आहेत, सगळी एकाच घराण्यातली. एकेक जनुक म्हणजे एकेक कोट. कोंबडीच्या रक्तानं एक कोट ओळखला, की हा दुसरा चढवतो.”

“मंग हिले घरच ठेवसू. जळगावले लेककडे अंडाच लई जासू. तिनी खुडूक कोंबडी बठेल शे.”

“अंड्यातूनही जातो तो. तिची बाकीची पिलंही आजारी पडतील. ही अंडी उकडून खायला हरकत नाही, पण उबवायला ठेवू नका.”

“पहिलांदाच कोंबड्या पाळी राह्यनी ती. म्हनी, माय रिकाम्या हातनी उनी!”

नानांना राहवेना.

“अक्का, तिला सांगा, चाळीस कोटांचा पाहुणा मागं लागला होता. त्याला धुळ्यालाच उतरवला.”

“तिले थाप वाटी, नाना.”

“माझ्या तर सगळ्याच वाटतात. पिलं जगतील ना?”

यशोदाबाईंनी अंड्यांची टोपली उचलून नानांच्या मांडीवर ठेवली.

“मंग ह्या बठ्ठा चाळीसबी कोट तुम्हीच उकडीसन खा.”